रविवारी गाडी डावीकडे ओढायची

गाडी आम्ही घेतली ती पावसजवळच्या एका वाडीतून. माझी बदली त्या बाजूच्या शाळेत झाली होती आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी काही केल्या जुळत नव्हत्या. नवरा मस्कतला, मुलगी पुण्याला शिकायला. रत्नागिरीच्या घरात मी आणि बाबा, म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच होते. तीस वर्षांहून जास्त त्यांनी एसटी चालवलेली, सगळे घाट पायाखालचे. बेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले ती त्यांच्यामुळेच. नवी घ्यायची की जुनी, यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "जुनी घे. नवी गाडी काय शिकवत नाय."

गाडीचे मालक जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त होऊन गावी आले आणि काही वर्षांनी वारले. त्यांच्या पत्नी एकट्याच राहत होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. मी त्यांना काकी म्हटलं. चिऱ्याच्या घरापुढे, माडांपासून जरा लांब, पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी होती. पांढरी.

बाबांनी ती लगेच सुरू करू दिली नाही. आधी इंजिन गार आहे ना ते हात लावून पाहिलं. ऑइलची पट्टी काढून थेंब दोन बोटांत चोळला. चारही टायरांवरून तळवा फिरवला, कारण टायर एका बाजूनेच झिजला असेल तर डोळ्याआधी हाताला कळतं. मग गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं, पायाखालचा गालिचा उचलून वास घेतला. समुद्राकाठच्या गाड्या खालून कुजतात. ही कुजलेली नव्हती.

"माणूस नीटनेटका होता," बाबा उठत म्हणाले.

निघताना काकींनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही माझ्या हातात दिली. "ही गाडीतच असायची. मी वाचलेली नाही, मला त्यातलं कळतही नाही. पण गाडी नेताय तर हीपण न्या." मग गाडीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून त्या उभ्याच राहिल्या. "चालवणार कोण? तुम्ही?"

"मी आणि बाबा."

त्यांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. वय विचारलं. बाबांनी एकाहत्तर सांगितलं. त्यांनी मुठीवरचा हात काढून घेतला.

वही जाड पुठ्ठ्याची. समासात किलोमीटर, समोर बारीक उभ्या अक्षरात नोंद आणि काम झालं की शेवटी टिकची खूण. जहाजाच्या इंजिनरूममध्ये लिहायची सवय असणार. 'कूलंट अर्धा बोट कमी. पाइपच्या क्लिपाशी ओल. क्लिप बदलली.' 'एअर फिल्टर लाल झाला. सड्यावरची धूळ.' 'ब्रेक दाबल्यावर पहिल्या फेरीत किर्र, नंतर थांबतं. पॅड बघणे.' मला ती वही आवडली. शाळेतल्या वह्या तपासून झाल्या की मी हिची दोन पानं वाचायची, एखादं जुनं पत्र वाचावं तशी.

बाबांनी मला रोजचा नेम लावून दिला. सकाळी निघायच्या आधी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा ओढून बघायचा. एसीचं पाणी पडलं असेल तर सोडून द्यायचं. हिरवट डाग कूलंटचा, काळा ऑइलचा आणि चाकाच्या आतल्या अंगाला तेलकट ओघळ दिसला तर गाडी जागची हलवायची नाही, तो ब्रेकचा. रेडिओ बंद ठेवून पहिले दोन किलोमीटर काचा वर करून चालवायचं, पुढचे दोन काचा खाली करून. गोडसर वास आला तर कूलंट, जळका आला तर क्लच नाहीतर ब्रेक. "रोज ऐकलंस तर वेगळं काय ते कळेल," ते म्हणायचे. "कधीतरी ऐकलंस तर सगळंच वेगळं वाटेल."

भाट्याचा पूल ओलांडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढलं की रस्ता मोकळा होतो. सकाळी तिथे माणूस दिसत नाही. काळा कातळ, मधेच सुकलेलं गवत आणि वारा. तिथेच एकदा मला पुढच्या उजव्या चाकातून गुणगुण ऐकू आली. कुणी तोंड मिटून सूर धरावा तशी. वेग वाढला की सूर चढायचा, डावीकडे वळलं की मोठा व्हायचा, उजवीकडे वळलं की गप्प. घरी येऊन मी बाबांना सांगणार होते, त्याआधी सहज वही उघडली. त्या दिवशी जिथवर वाचून झालं होतं त्याच्या पुढची नोंद होती: 'पुढे उजव्या चाकात गुणगुण. तोंड मिटून सूर धरल्यासारखी. बेअरिंग.'

अंगावर काटा आला तो बेअरिंगमुळे नव्हे. तोंड मिटून सूर, ही उपमा माझी होती. माझ्या डोक्यात सकाळी आली होती, मी ती कुणाला सांगितली नव्हती.

गॅरेज कुवारबावच्या पुढे. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, राजिवड्याचे, बाबांना काका म्हणणारे. मी त्यांना भाई म्हणायची. त्यांनी चाक उचलून हाताने फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला आणि मान हलवली. "गेलंय." वहीची गोष्ट सांगितली तर हसले. "ताई, या मॉडेलचं तेच बेअरिंग जातं. सगळ्यांचं जातं. त्यात काय!" खरंच होतं ते. बेअरिंग बदललं, मीही तारीख टाकून वहीत लिहिलं, माझ्या अक्षरात, इंजिनिअरांच्या शेवटच्या नोंदीनंतर दोन पानं कोरी सोडून. त्यांच्या शेवटच्या नोंदी मात्र मी तेव्हा वाचल्या नाहीत. पुढचं आधी वाचायचं नाही असं का कोण जाणे मी ठरवून टाकलं होतं.

गाडी आठवडाभर माझ्याकडे असायची. रविवारी बाबा चालवायचे. सकाळी मासळी आणायला आणि मग पालीच्या बाजूला आमच्या गावी, घर झाडायला. मी शेजारी बसायची. दिवाळी होऊन महिना झाला असेल, एका रविवारी हातखंब्याच्या रस्त्यावर ते म्हणाले, "ही डावीकडे ओढतेय गो."

मलाही ते दिसत होतं. डावीकडचं चाक डांबर सोडून मातीवर उतरत होतं, बाबा परत वर घेत होते, थोड्या वेळाने पुन्हा तेच.

सोमवारी मी सड्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, हात स्टिअरिंगपासून जरा सुटे ठेवून पाहिलं. गाडी सुतासारखी सरळ गेली. मंगळवारीही. रविवारी पुन्हा डावीकडे.

भाईंनी टायरची हवा मोजली. अलाइनमेंट केली. पुढचे दोन टायर आलटूनपालटून लावले. डाव्या चाकाचा ब्रेक अडकून राहतो का, ते चाक तापलंय का हात लावून पाहिलं. काही सापडेना. "रविवारी ताई डावीकडे बसतात, त्या वजनाने होत असेल," ते म्हणाले, आणि बाबा हसले. मला हसू आलं नाही. शनिवारपर्यंत सरळ चालणारी आणि रविवार उजाडला की एका बाजूला जाऊ बघणारी वस्तू घराच्या दारात उभी आहे, हे मनातून जात नव्हतं. शाळेतून सुटल्यावर गाडीत बसायच्या आधी मी तिच्याभोवती एक फेरी मारू लागले. बघत काय होते, मला सांगता आलं नसतं.

पौषातल्या एका रविवारी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बाबांनी डावी बाजू चिऱ्याच्या गडग्याला घासली. आरसा मिटून काचेवर आपटला. मी ओरडले होते. बाबांनी शांतपणे गाडी थांबवली आणि विचारलं, "काय झालं?"

"भिंत, बाबा!"

"कुठाय?"

मला वाटलं ते चिडून बोलतायत. पण ते खरोखर विचारत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडी गॅरेजला नेली. भाईंनी घासलेल्या जागी पॉलिशपेपरने रंग घासायला घेतला आणि थोड्या वेळाने हात थांबवला. "ताई, इकडे या." पांढऱ्या रंगाखाली लुकण होतं, म्हणजे खड्डा भरायचा लगदा. त्याखाली परत पांढरा रंग, त्याखाली परत लुकण. झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वलयं. "इथे आधीपण लागलंय. एकदा नाही, तीनदा तरी. ह्याच जागी." त्यांनी बोटाने आरशाखालून मागच्या दारापर्यंत रेघ ओढली. "उजवी बाजू बघा. एक ओरखडा नाही."

मग ते स्वतः गाडी घेऊन मोठ्या रस्त्याला फेरी मारून आले. "सरळ आहे. काकांनाच विचारा, त्यांना काय जाणवतं."

घरी आल्यावर मी वही काढली आणि पहिल्यांदाच इंजिनिअरांची शेवटची पानं वाचली.

'डावीकडे ओढते. अलाइनमेंट केली.' टिक. 'तरी ओढते. टायर बदलले.' टिक. 'डावा आरसा. फाटकाचा खांब.' टिक. 'पुन्हा डावा आरसा. खांब दिसला नाही.' अक्षर इथून बदलत होतं. ओळी पानाच्या मधून सुरू होत होत्या. डावा अर्धा भाग कोरा, समासातले किलोमीटर गायब, सगळी अक्षरं उजव्या कडेला दाटून बसलेली. शेवटची नोंद कडेपर्यंत जाऊन खाली वळली होती: 'मिस्त्री म्हणतो गाडी सरळ आहे.' पुढे टिक नव्हती.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पावसच्या वाटेला लागले. दुपार टळलेली, बागांमध्ये मोहोर आलेला आणि फवारणीचा उग्र वास. काकी ओटीवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, मी येणार हे ठाऊक असल्यासारखं जागेवरूनच म्हणाल्या, "ओढायला लागली का?"

मी पायरीवरच बसले. "काकी, तुमच्या यजमानांना काय झालं होतं?"

"डोक्यात उजव्या बाजूला काहीतरी होतं. मुंबईला नेईपर्यंत उशीर झाला." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "आधी काही कळलंच नाही. बोलायचे नीट, हिशेब नीट. गाडीचं तेवढं म्हणायचे, ओढते, ओढते. मग एके दिवशी दाढी अर्धीच केली. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर साबण तसाच. मी म्हटलं, अहो, राहिली. आरशात बघून म्हणाले, झाली की. तीनदा बघितलं त्यांनी. तीनदा म्हणाले, झाली की."

"त्या दिवशी तुम्ही बाबांकडे बघत होतात," मी म्हटलं.

"बघत होते. त्यांच्यात काही दिसलं नाही तेव्हा. पण गाडी द्यावी की नाही, असं मनात आलं होतं. गाडीचं काय असतं, म्हणून दिली." मग त्यांनी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

मी उठून गाडीकडे निघाले. चहासाठीही थांबले नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मी लवकर जेवायला वाढलं. मुद्दाम नाही, किंवा मुद्दामच असेल. ताटात उजवीकडे भात आणि सार, डावीकडे तळलेल्या बांगड्याच्या दोन तुकड्या आणि भाकरी. बाबा गप्पा मारत जेवले. गावच्या विहिरीचं बोलले, माझ्या मुलीचा फोन आला होता ते सांगितलं. भात संपला. मग ताटाकडे बघून म्हणाले, "आज मासळी नाय आणलीस?"

ताट बरोबर मधून रेघ मारल्यासारखं झालं होतं. उजवा अर्धा पुसून खाल्लेला, डावा अर्धा जसाच्या तसा. बांगडा त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता.

मी हात पुढे केला. ताटाची कड धरून ते अर्धं फिरवलं.

"हां, ही काय," बाबा खूश होऊन म्हणाले आणि खाऊ लागले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले. इतकी घाबरलेली मी आधी कधी नव्हते. घरात कुणी परकं शिरलं असतं तरी इतकी घाबरले नसते. भीती वाटत होती ती त्यांच्या समाधानाची. त्यांच्या जगाचा अर्धा भाग कुणीतरी काढून नेला होता आणि तिथे काही होतं याचाही त्यांना पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा फोन करून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं हलवून दाखवायला सांगितली, कागदावरच्या रेघा खोडायला लावल्या. बाबांनी उजवीकडच्या सगळ्या खोडल्या. स्कॅन झाला तसा डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला कुठे मार लागला होता का, दोन-तीन महिन्यांत?"

"नाय," बाबा म्हणाले. मग, "तसा मार नाय. बॉनेट पडलं होतं. दिवाळीच्या आधी. ऑइल बघत होतो."

"बाबा! मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मला गाडीला हात लावू दिला असतास?"

डोक्यात उजव्या बाजूला, कवटीच्या आत, रक्त थेंबाथेंबाने साचत गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण आता उशीर नको. त्याच दुपारी आम्ही अँब्युलन्सने आंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. बाबा आडवे पडूनच वळणं ओळखत होते. "आता गायमुख येईल. आता ब्रेक दाबायला हवा ह्याने." डाव्या वळणांबद्दल मात्र काही बोलत नव्हते, की मला तसं वाटत होतं, कोण जाणे.

शस्त्रक्रिया नीट झाली. एक भोक पाडून साचलेलं काढलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या डावीकडे जाऊन नुसती उभी राहिले, आवाज न करता. त्यांनी मान वळवली. "अशी काय उभी राहतेस भुतासारखी? बस ना." मी बसले आणि ढसाढसा रडले.

त्यांना घरी आणल्यावर एका सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडलं. वर धरून ठेवणारी दांडी खाचेत बसवली आणि पत्र्यावर हलकेच हात टेकला. दांडी निसटली, बॉनेट धाडकन खाली आलं. मी मागे सरकले म्हणून वाचले. मग वहीत शोधलं. चौथ्याच पानावर होतं, मी नक्कीच वाचलेलं: 'बॉनेटची दांडी खाचेत नीट बसत नाही. निसटते. बदलणे.' त्या पानावरच्या सगळ्या नोंदींपुढे टिक होती. हिच्यापुढे नव्हती. इंजिनिअरांनी ते केलं नाही, आणि मी वाचून पान उलटलं. एवढंसं काम होतं, गाडी चालायला त्याने काहीच अडत नव्हतं. बहुधा त्यांनाही तसंच वाटलं असेल.

ते बॉनेट कधी त्यांच्याही डोक्यावर पडलं होतं का, हे मी काकींना विचारलं नाही. एकदा फोन हातात घेतला होता. त्यांच्या यजमानांचं दुखणं वेगळंही असेल, वयाने होणारी शंभर दुखणी आहेत. पण त्या 'हो, एकदा पडलं होतं' म्हणाल्या असत्या, तर उरलेलं आयुष्य त्या घरात त्यांना त्या वाक्यासोबत काढावं लागलं असतं. मी फक्त बाबा बरे आहेत एवढं कळवलं. "देव पावला," त्या म्हणाल्या, आणि लगेच फोन ठेवला.

दांडी आणि खाच दोन्ही त्याच आठवड्यात बदलली.

डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि त्या दिवशी दुपारभर झोपले, दिवसा कधी न झोपणारे. आता रविवारीही मीच चालवते. ते डावीकडे बसतात, गिअर उशिरा बदलला म्हणून बोलतात, हातखंब्याच्या पुढे हमखास झोपतात. गाडी सरळ चालते, सातही दिवस. विकावी असं खूप जणांनी सुचवलं. पण कुणाला विकायची, आणि विकताना काय सांगायचं, हे मला कळत नाही.

एक फरक पडला आहे तो भाईंमध्ये. पूर्वी काम झालं की ते स्वतः फेरी मारून यायचे. मागच्या महिन्यात क्लचप्लेट बदलली, तेव्हा हात पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हीच चालवा ताई, माझे हात ग्रीसचे आहेत." मी पाहिलं, हात स्वच्छ होते. ते डावीकडचं दार उघडून शेजारी बसले. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. क्लचकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डाव्या कडेचे दगड, खांब, सायकलवाले एकेक करून मागे जात होते आणि ते प्रत्येकाकडे बोट करून मला विचारत होते, "हा दिसला ना?"